भाजलेलं कार्ड

त्या दिवशी आमच्या पडवीत कोन कोन हुतं ते आधी सांगते, म्हंजी पुढं तुमचा घोळ व्हायचा न्हाई. मी हुते — सखूबाई, वडिवळ्याची. माझा नातू मिलिंद हुता, माझ्या मेलेल्या लेकीचा, कमलचा पोरगा. दत्तूशेट हुता, गावातला मोठा जमीनवाला. त्याची लेक तेजू हुती, आन् तेजूचा धाकटा भाऊ अभि. एवढीच मानसं. त्या दिवशी काय ठरलं ते ह्या समद्यांला ठावं हाय. पर मी काय केलं — ते ह्यातल्या एकालाबी ठावं न्हाई. कुनाला सांगितलंच न्हाई. विहारात वंदनेला बसते, डोळं मिटते, ओठ हलत्यात. तितंबी हे मनातल्या मनात बाजूला सारते.

मला लिवता येत न्हाई, सहीपुरतं येतं. पर ह्या मोबाईलात बोललं की अक्षरं उमटत्यात. मिलिंदनंच शिकवलं. आता तो कामावर गेलाय, आन् त्यानं शिकवलेल्या इद्येनं मी त्याच्या माघारी बोलतीया. बगा कसं हाय ते.

कुटून सुरू करू? दातापासनं करते.

मी कामशेतला भाताच्या गिरणीवर जल्म काढला. पाखडायचं, निवडायचं, पोती शिवायची. पर मला मान हुता तो दाताचा. पोत्यातनं मूठभर भात काढायचं, एक दाना दाढंखाली धरायचा, आन् तो कसा फुटतो त्यावरनं सांगायचं — वाळलंय का वलं हाय, गिरणीत घातलं तर तुकडा पडंल का अख्खा तांदूळ निघंल. शेतकरी एका बाजूला, व्यापारी एका बाजूला, दोगंबी माझ्या तोंडाकडं बगत उभं ऱ्हायचं. खोटं कंदी सांगितलं न्हाई. माझा सख्खा दीर इंद्रायणी भात घिऊन आला, वली हुती, म्हनले वली हाय. तो वरीसभर माझ्याशी बोलला न्हाई. तरी म्हनले. म्हून गावात म्हनायचे, सखूबाईनं चावून सांगितलं ना, मग मिटलं.

हे मोठेपना म्हून सांगत न्हाई. ह्याच नावावर म्या ते केलं — म्हून सांगतीया.

आता दत्तूशेटचं.

माझी कमल बारावी झाली हुती. आमच्या आळीतली पैलीच पोरगी. पुन्याला नर्सिंगला तिचं नाव लागलं. निरोप असा हुता की ठरल्या दिवशी दुपारच्या आत सोता हजर ऱ्हायचं, न्हाई तर जागा दुसऱ्याला. त्या दिवशी नेमकी सकाळची यष्टी आली न्हाई. दत्तूशेटची जीप तांदळाची पोती घिऊन कामशेतला निघाली हुती. तवा तो तरना हुता, जीप सोताच चालवायचा. म्या हात केला. थांबला. आमी मायलेकी मागं पोत्यांवर बसलो. कमलनं केसाला तेल लावून घट्ट येनी घातली हुती. वाऱ्यानं केस उडू नयेत म्हून ती पदरासारखी वढनी धरून बसली हुती — एवढं मला आजबी दिसतं.

अर्ध्या वाटंत त्याच्या सासरची मानसं उभी. त्यानं जीप थांबवली, मागं वळून म्हनला, "सखू, उतरा दोगी. पाव्हनं बसायचं हैत." माझ्यापेक्षा वयानं ल्हान, पर सखूच म्हनायचा. मी म्हनले, "शेट, आज पोरीची जागा जाईल. आमी कडंला धरून उभ्या ऱ्हातो, पर न्या." तो हसला. म्हनला, "नर्स झाली काय न् न झाली काय, लावनीला तर वाकायचंच हाय." पाव्हनंबी हसलं. आमी उतरलो. जीप गेली.

चालत टेशनावर गेलो, लोकल गेलेली. पुढच्या लोकलनं गेलो. तितं खिडकी बंद झालेली, आन् आतल्या बाईनं मान हलवली, एवढंच. पुढं काय सांगायचं? कमलचं लगीन केलं. नवरा बरा निघाला न्हाई. मिलिंद झाला, आन् मिलिंद रांगाया लागायच्या आत ती काविळीनं गेली. पोराला मी घिऊन आले. रडले का? रडले असंल. ते आठवत न्हाई. आठवतं ते त्याचं हसनं.

आन् माझा खरा जाळ कुटं हाय, सांगू? त्याला हे ध्यानातच न्हाई. पुढं काळ बदलला, तो मला सखू सोडून मावशी म्हनाया लागला. एकदा बांधावर भेटला तर आपल्या तोंडानं म्हनतो, "मावशी, तुझी कमल हुशार हुती. शिकवायची हुतीस गं पुढं." मानूस मारून इसरला असता तर मी समजले असते. ह्यो हसून इसरला. त्या दिवसापासनं मी वाट बगत हुते. कशाची, ते मलाबी ठावं न्हवतं.

मिलिंदला म्या ह्यातलं काय सांगितलं न्हाई. त्याला वाटायचं, आई आजारानं गेली, झालं. तो कॉम्प्युटरचं शिकला आन् पडवीतच दुकान मांडलं. कामशेतची, पवनानगरची पोरं कॉम्प्युटरची डबडी घिऊन यायची. कुनाचं धरणाकाठी पर्यटकांना तंबू भाड्यानं देनाऱ्यांच्या जाहिरातीचं व्हिडिओचं काम, कुनाचं लग्नाचं, कुनाला नुसती गेम खेळायची. मी बाजूला सूप घिऊन तांदूळ निवडायची. ऐकून ऐकून कानावर पडायचं. ग्राफिक कार्ड म्हंजी काय ते मिलिंदनं मला असं सांगितलं हुतं — "आजी, कॉम्प्युटर बाकी डोकं चालवतो, पन पडद्यावरचं चित्र रंगवायला वेगळा मजूर लागतो. तो मजूर म्हंजी हे कार्ड. मजूर अशक्त असला की चित्र अडकत अडकत येतं."

तेजू त्याच्याकडं यायची, कालेजात असल्यापासनं. ह्या पोरीचं काय सांगू. तिच्या आजीनं मला कंदी पेला हातात दिला न्हाई, वरनं वतायची, मी वंजळ धरायची. आन् ही पोरगी माझ्या चुलीम्होरं मांडी घालून बसायची, माझ्या ताटातली भाकर मोडून खायची. म्हनायची, "आजी, आमच्या घरात असा ठेचा कुणाला जमत नाही." घरात सांगायची का कुटं जेवली ते? सांगायची. भीत न्हवती.

ती बारकी फिल्म करीत हुती. पुन्यात एक जागा हाय म्हनं, तितं आपली फिल्म धाडायची, त्यांना आवडली की वरीसभर शिकवत्यात आन् म्होरं कामालाबी लावत्यात. दत्तूशेटनं तिला एकच सांगून ठिवलं हुतं — नंबर लागला तर जा, न्हाई लागला तर तळेगावच्या पाव्हन्यांना मी हो म्हननार. पाव्हनं बगून गेलतं. पोरीला तो मुलगा नको हुता, लगीनच नको हुतं एवढ्यात. तिचं समदं त्या फिल्मवर. आन् फिल्म कशावर? माझ्यावर. म्हातारी दाना चावून कशी पारख करती, त्यावर. आठवडं न् आठवडं ती क्यामेरा घिऊन माझ्या मागं फिरली. दाढंखाली दाना धरायचा त्यो क्षण तिनं इतक्या बाजूंनी काढला की मी म्हनले, "बाई, एवढं कंदी माझ्या नवऱ्यानं माझ्या तोंडाकडं बगितलं न्हाई." लय हसली.

पर तिच्या घरचा कॉम्प्युटर जुना. फिल्म जोडाया घेतली की धापा टाकायचा, बंद पडायचा. तिनं बापाकडं नवं कार्ड मागितलं, तर न्हाई म्हनला. मग अभिनं गेम खेळायला मागितलं — लगेच व्हय. पर एकच घ्यायचं, दोगांत. आन् स्वस्तातलं.

मिलिंदनं शोधून दोन मिळवली, दोनीची किंमत जवळपास सारकीच. एक नवं, पेटीतलं, ल्हान, एका पंख्याचं. आन् दुसरं वापरलेलं, इटंएवढं जड, तीन पंख्यांचं, लोनावळ्यात एका गेमच्या कॅफेत असलेलं. नवं तो कामशेतातनं आनाया गेलता. जुनं घिऊन कॅफेवाला पोरगा सोता आला, फटफटीवर.

मिलिंद यायचा हुता, म्हून म्या त्याला बसवलं, च्या दिला. तो पायरीवर बसून मोबाईलावर दोस्ताशी बोलाया लागला. मी हितं, हाताच्या अंतरावर. पर म्हाताऱ्या बाईम्होरं मानसं अशीच बोलत्यात, जशी खुट्याम्होरं बोलत्यात. म्हनला, "अरे, मेलंच होतं कार्ड. बेकरीवाल्याकडे नेलं, भट्टीत घालून भाजून काढलं. आतलं सोल्डरिंग सुटलेलं असतं, ते वितळून परत चिकटतं ना. आता पळतंय एकदम. थोडे दिवस पळेल, मग बसेल. तोवर आपल्याला काय." आन् हसला.

ऐकलं ना तुमी? हसला.

मी इचारलं, "काय भाजलं रं पोरा?"

"पाव, आजी," म्हनला. "लोणावळ्याला या, खायला घालतो."

म्या मान हलवली. च्या संपवून, मिलिंद आल्यावर कार्ड देऊन, तो गेला. पसंत पडलं तर पैसं धाडा, न्हाई तर परत आना, असं बोलनं झालं.

तवा माझ्या मनात काय हुतं? खरं सांगते — काय न्हवतं. मिलिंदला सांगनारच हुते. त्यानं कार्ड आपल्या कॉम्प्युटरात घालून चालवून बगितलं. पडद्यावर डोंगार पळाया लागलं, मोटारी पळाया लागल्या. पोरगं खूश. मी म्हनले जेवन झाल्यावर सांगू. आन् तेवढ्यात दत्तूशेटची गाडी दारात आली.

तो खुर्चीवर बसला. मी खाली, सुपाशी. तेजू माझ्याजवळ येऊन बसली. अभि त्या जड कार्डाला हातात घिऊन असा फिरवत हुता जसं काय बैल इकत घेतोय.

मिलिंदनं सरळ सांगितलं. "अभि, गेमला हे जुनं भारी आहे, खोटं नाही सांगत. पन ह्याला वॉरंटी नाही, लाईट जास्त खातं, पावर सप्लायबी बदलावा लागंल. नवं कार्ड गेमला थोडं कमी पडंल, पन व्हिडिओ बाहेर काढायचं काम हे जास्त चांगलं करतं, आन् बिघडलं तर कंपनी बदलून देते. माझं मत इचाराल तर नवं घ्या."

"ती डबी?" अभि म्हनला. "त्यात गेम चालल्यावर मानूस उडी मारंल आज आन् खाली येईल उद्या."

"तुझ्या गेममध्ये तू तसाही उडी मारण्याआधीच मरतोस," तेजू म्हनाली. "मला बाकी काही नको. मधेच बंद पडायला नको, एवढंच."

"तुझे व्हिडिओ जोडायला तीन पंखे कशाला, एक फुंकणी पुरंल तुला," अभि म्हनला.

दोगं भांडाया लागली. दत्तूशेट मोबाईल बगत बसलेला. थोड्या येळानं वैतागला. "मला ह्यातलं काय कळत न्हाई. गप बसा, न्हाई तर दोगांलाबी न्हाई." आन् मग माझ्याकडं बगून हसला. तेच हसनं. दात आता बसवलेलं हैत, पर हसनं तेच. म्हनला, "मावशी, तू समद्या गावाचा दाना चावून सांगतीस. हे बी चावून सांग. कंचं घिऊ पोरीला?"

समदी हसली. तेजूबी हसली, आन् म्हनाली, "चालेल. आजी सांगतील ते मला मान्य."

कंचं घिऊ पोरीला. असं म्हनला तो. त्याची पोरगी म्हून. आन् माझ्या डोळ्याम्होरं येनी घातलेली, वढनी धरलेली, पोत्यावर बसलेली माझी पोरगी. तिला कंचं घिऊ म्हून कुनी इचारलं?

म्या सूप खाली ठिवलं. हात पदराला पुसलं. दोनी कार्डं दोन हातांत घेतली. नवं हलकं हुतं. जुनं जड हुतं, आन् त्याच्या कडंला, बारीक लक्ष दिलं तर, करपल्याचा वास हुता. म्या दोनी जोखल्यावानी केली. घाई केली न्हाई. गिरणीवर जशी करायची तशी येळ घेतली, म्हंजी समद्यांला खरं वाटंल. आन् जुनं कार्ड म्या तेजूच्या मांडीवर ठिवलं.

म्हनले, "ह्ये घ्या. नवं पोचट दान्यावानी हाय, हातातच कळतंय."

अभि नाचायचा बाकी ऱ्हायला. तेजूनं माझ्याकडं बगितलं. तिला नवं हवं हुतं, तोंडावर दिसत हुतं. पर ती एवढंच म्हनाली, "बरं, आजी."

दातानं जे कंदी केलं न्हाई ते म्या जिभंनं केलं. आन् कसं वाटलं? खरं सांगायचं ठरवलंय तर हे बी सांगते — गोड वाटलं. उन्हातनं येऊन गार पानी प्याल्यावर छातीत उतरतं तसं. दत्तूशेट गाडीत बसाया निघाला, मी दारापातूर गेले, म्हनले, "संभाळून जावा शेट." इतकी वर्सं त्याला असं हसून म्या कंदी वाटंला लावलं न्हवतं.

मिलिंद मागनं म्हनला, "आजी, तुला त्यातलं काय कळतंय? कशाला बोललीस?"

"त्यानं इचारलं," मी म्हनले.

पुढं तुमी म्हनाल, राग निवल्यावर सांगायचं हुतं. येळ हुता का? हुता. लय हुता. तेजू मधनं मधनं यायची. "आजी, कार्ड मस्त पळतंय. तुमची निवड भारी." असं म्हनायची आन् मोबाईलात थोडी थोडी फिल्म दाखवायची. माझं तोंड, माझी दाढ, दाना फुटायचा आवाज. ती माझ्या खांद्याला टेकून बसायची, तिच्या केसाला शिककाईचा वास यायचा, आन् माझ्या तोंडात शब्द यायचा — पोरी, ते कार्ड काढ, भाजलेलं हाय. शब्द व्हटापातूर यायचा. मग तिच्या हसन्यात मला तिच्या बापाचं हसनं दिसायचं, आन् शब्द माघारी जायचा. का मी बळंच बगायची? ते मला आजबी ठरवता येत न्हाई.

आन् कार्ड बसलं. नेमकं त्याच दिवशी, फिल्म धाडायच्या शेवटच्या दिवशी, सांजच्या आत धाडायची हुती तवा. भर दुपारची तेजू कॉम्प्युटरचं डबडं अभिच्या फटफटीवर मांडीत धरून आली. म्हनाली, "मिलिंददादा, पडदा काळा झाला. अर्धी फिल्म निघाली आणि काळा झाला." मिलिंदनं कार्ड काढलं, पुसलं, घातलं, परत काढलं. आपल्या कॉम्प्युटरातलं जुनंपुरानं लावून बगितलं; नवं तर कवाच दुकानात परत गेलतं. त्यावर फिल्म मुंगीच्या पावलानं निघाया लागली. सांज झाली तरी निघतच हुती. तिनं पुन्याला फोन लावला, इनंती केली. समोरची बाई चांगलं बोलत हुती, पर नियम म्हंजी नियम म्हनाली.

तेजू रडली न्हाई. पायरीवर माझ्या शेजारी बसली आन् माझा हात हातात घिऊन माझी बोटं मोजल्यावानी करीत ऱ्हायली. मी तिच्या बापाची वाट बगत हुते. मला त्याचं तोंड बगायचं हुतं. आता दुखंल त्याला. आता कळंल.

तो आला. रागानं लालबुंद. पर कशाचा राग? आळीतली मानसं गोळा झाली तशी तो मिलिंदवर घसरला. "मला फसवतोस? मेलेला माल माझ्या गळ्यात घालतोस? कॅफेवाल्याशी वाटा ठरलेला असंल तुझा." पोरीबद्दल एक शबूद न्हाई. तेजू मधी पडली, "अप्पा, दादाचा काय दोष? त्यानं तर नवं घ्या म्हटलं होतं. आजींनी सांगितलं म्हणून आपण हे घेतलं."

समद्यांनी माझ्याकडं बगितलं.

दत्तूशेट म्हनला, "म्हातारीला काय कळतंय त्यातलं? तिला इचारलं ती मस्करी हुती. आननारा ह्यो."

आन् मी काय म्हनले? मी म्हनले, "व्हय शेट. मला म्हातारीला काय कळतंय."

ह्ये माझ्या तोंडातनं गेलं. दान्यानं मान दिलेल्या तोंडातनं. मिलिंद माझ्याकडं बगत हुता. तो म्हनू शकत हुता, आजीनं भरीला घातलं. न्हाई म्हनला. म्हनला, "शेट, तपासलं मी होतं. माझी चूक." कमलचा पोरगा. तिच्यासाठी म्हून जे केलं ते तिच्या पोराच्या मानंवर पडलं, आन् मी सूप पुढं वढून तांदूळ निवडाया लागले. त्यात खडं न्हवतं. तरी निवडत हुते.

आन् ज्याला लागायला पाह्यजे हुतं त्याला लागलंच न्हाई. थोड्या दिसांनी मला रस्त्यात भेटला तर म्हनला, "एका अर्थी बरंच झालं मावशी. न्हाई तर तळेगावचं स्थळ हातचं गेलं असतं." पोरीचं लगीन थाटात केलं. तेजूनं मला पुढच्या रांगंत बसवलं. पाया पडली तवा तिच्या हाताला मेंदीचा वास हुता. मी तोंडभर आशीर्वाद दिला. जेवले. गोड वाढलं तेबी खाल्लं.

तिची पाठ वळली तवा मला कळलं, की मी जीप थांबवली आन् तिला उतरवलं. आन् ती माझ्याकडं बगून हसत हसत उतरली.

तुमी इचाराल, आता तरी दत्तूशेटवरचा राग गेला का? न्हाई. ते खोटं म्या सांगनार न्हाई. उद्या तो मेला तर मी दारात जाईन, पदर डोळ्याला लावीन, आन् आत काय हलनार न्हाई. माझा राग जसा हुता तसा हाय, उलट वाढलाय — कारन माझा वार त्याला लागला न्हाई, ह्याचा बी राग हाय. वाईट वाटतं ते तेजूचं. आन् मिलिंदचं.

मिलिंदचं दुकान मोडलं. दत्तूशेटनं कामशेतात बोंब केली, पवनानगरच्या तंबूवाल्यांनी कामं काढून घेतली. मिलिंद लोनावळ्याला जाऊन त्या पोराला भेटला, तर तो म्हनला, बगून घेतलंस ना, मग? आता मिलिंद कंपनीत पाळीवर जातो. पडवीतलं टेबल त्यानं मला दिलं, मी त्यावर पापड वाळत घालते. मला कंदी एक वाकडा शबूद बोलला न्हाई. पगार झाला की माझ्यासाठी मऊ काहीतरी खायला आनतो, दाढा आता ऱ्हायल्या न्हाईत म्हून.

एवढंच हाय. तेजूला मी सांगायची न्हाई, एवढी छाती माझ्याकडं न्हाई. मिलिंदला सांगायचं म्हनलं तर तो "असू दे आजी" म्हनंल, आन् ते ऐकायचं माझ्यात बळ न्हाई. म्हून तुमाला सांगितलं.

जो कोन वाचत असंल त्यानं एवढं करा. कामशेत, पवनानगर, कुटंबी चार मानसांत कुनी म्हनलं की वडिवळ्याचा मिलिंद मेलेलं कार्ड गळ्यात घालतो, तर तितं उभं ऱ्हावा आन् सांगा — कार्ड भाजलेलं हाय हे त्याला ठावं न्हवतं. ठावं आजीला हुतं. तिचं नाव सखूबाई. तिनं सोता सांगितलं, म्हना.